बहिणीच्या हातची चिमूट

गिरिजा गाडीतून उतरली तीच तणतणत. शार्दूलने धाडलेला ड्रायव्हर भल्या सकाळी रोल्लाच्या गल्लीत येऊन हॉर्न बडवत उभा राहिला होता आणि इकडे तिच्या मेसचे दुपारचे डबे अजून भरायचे होते. "यल्ला मॅडम, साब का फोन आ रहा है," चला, लवकर चला, एवढा एकच मंत्र त्या बाबाला पाठ. शेवटी उरलेल्या पोळ्या मेसमध्ये हाताखाली असलेल्या छायाच्या हवाली करून, हाताचं पीठसुद्धा न झटकता ती निघाली. अंगावर नवी साडी नाही, केसात गजरा नाही. माहेरच्या शुभकार्याला निघालेली बाई अशी दिसते होय? पण आज तिला नटायचं नव्हतंच. आज तिला भांडायचं होतं, आणि तेही एकाच गोष्टीसाठी. तिचा पोरगा, मिथुन, तिला परत हवा होता.

दुबईत अल कुसैसच्या कारखान्यांच्या रांगेतली ती शेड म्हणजे तिच्या भावाची, राजाभाऊंची गलाईची भट्टी. सोनारांकडचं मोडीचं सोनं आणायचं, मुशीत वितळवायचं, तेजाबात घालून त्यातलं तांबं-चांदी वेगळं काढायचं आणि चोख सोनं परत द्यायचं, हा ह्या घराचा तीन पिढ्यांचा धंदा. खानापूर तालुक्यातल्या माणसांनी ह्या भट्ट्या कुठं कुठं म्हणून नेल्या नाहीत! आजा कोचीनला गेला, बाप अमृतसरला, आणि राजाभाऊ समुद्र ओलांडून इकडं आले. पाठोपाठ बहिणीच्या नवऱ्यालाही बोलावून घेतलं. बाबाजी बरीच वर्षं ह्याच भट्टीपुढं बसले आणि तेजाबाच्या धुरानं छातीचं पार पोतेरं झालं तेव्हा गेले. गिरिजाने तेव्हाही भावाला बोल लावला नव्हता. पोटाचा धंदा, दोष कुणाला द्यायचा, असं म्हणून तिने डोळे पुसले आणि मेस काढली.

पण गेल्या वर्षी शार्दूलने नवंच खूळ काढलं. राजाभाऊंचा हा थोरला मुलगा, मरीनात उंच टॉवरात राहणारा. दुसऱ्यांचं सोनं किती दिवस गाळत बसायचं, आपणच खाण घेऊ, म्हणाला. आफ्रिकेत बेलंगा नावाचा कुठला तरी आडजिल्हा. विमानातून उतरल्यावर दोन दिवस जीप हाणली की येतो म्हणे. गोऱ्यांनी आपल्या राज्यात तिथले डोंगर पोखरून काढले आणि राज्य गेल्यावर भगदाडं तशीच टाकून निघून गेले. त्याच जुन्या खाणी शार्दूलच्या कंपनीने भाडेपट्ट्याने घेतल्या. देखरेखीला धाकटा निखिल गेला. आणि तिथंच सोनं गाळून कस लावायला घरचा, भरवशाचा माणूस पाहिजे म्हणून मिथुन. "मामाचा हात उतरलाय त्याच्या हातात," असं चार माणसांत म्हणून नेला. सहा महिन्यांचं बोलणं होतं. आता वर्ष होत आलं.

बरं, निखिल महाराज दहा-बारा दिवसांमागं परत आले. मिथुन मागंच. "थोडं काम उरकून येतो म्हणाला." आणि अलीकडे तर पोरगा धड बोलेनासाच झाला होता. व्हिडिओ लावत नाही, नेटवर्क नाही म्हणतो. मध्येच चिडतो, मध्येच गप्प होतो. मागं एकदा तर फोनवर आईला "तुला काय कळतंय" म्हणाला. मिथुन असं बोलणाऱ्यातला नव्हता. तेव्हापासून गिरिजाच्या डोक्यात किडा वळवळत होता.

आज मात्र सगळ्या घराचं तिच्यावाचून अडलं होतं. ह्या घरची रीतच तशी. नव्या ठिकाणचं सोनं आलं की त्याची पहिली मूस बहिणीच्या हाताने व्हायची. भट्टीत मूस लालबुंद झाली की घरच्या बहिणीने तीत टाकणखाराची चिमूट सोडायची. टाकणखाराने मळ वर येतो, सोनं खाली बसतं. चिमूट पडली की भावाने ओवाळणी विचारायची आणि बहीण मागेल ते द्यायचं. आणि चिमूट मुशीत पडली नाही, बाहेर सांडली किंवा बहिणीने हात आखडला, तर मूस खाली उतरवायची आणि माल जिथला तिथं परत. तो ह्या घराला लाभायचा नाही. शार्दूल ह्याला अंधश्रद्धा म्हणायचा, पण बापापुढं म्हणायची त्याची छाती नव्हती.

शेडमध्ये सतरंज्या अंथरल्या होत्या. खरसुंडीच्या सिद्धनाथाच्या फोटोला झेंडूचा हार, शेजारी तराजू आणि सांडशीला हळद-कुंकू. गॅसची भट्टी घोंघावत होती.

"या वन्सं, या!" शोभनाने पुढे होऊन कुंकू लावलं आणि नणंदेचा हात हातात धरून ठेवला. एवढ्या वर्षांच्या संसारात तिने हा हात असा कधी धरला नव्हता. "किती वाळलात हो! मेस जरा कमी करा आता."

"मेस कमी केली तर तुमच्या कामगारांना जेवायला कोण घालणार, वहिनी? निखिलने डबा लावलेल्या त्या आजारी नेपाळी माणसाची मऊ खिचडी आजही सांगून आलेय छायाला."

शोभनाचा हात सुटला. "हो का... बरं केलंत," म्हणत ती नारळ शोधायला वळली. नारळ समोरच पाटावर होता. गिरिजाने ते बघितलं, पण तेवढ्यात शार्दूल आला.

"आत्या! ये ये, तुझ्यासाठी खास खुर्ची ठेवलीय. दोन मिनिटं सगळे इकडे बघा, प्लीज. मुहूर्ताला अजून वेळ आहे, तोवर प्रोजेक्टचा प्रोग्रेस दाखवतो. दुपारी बायर येणार आहेत, त्यांनाही हेच प्रेझेंटेशन आहे."

भिंतीवर मोठा टीव्ही लावला होता. राजाभाऊ धोतर-उपरण्यात पुढे बसले, चेहऱ्यावर वरबापाचं तेज. शार्दूलची बायको शुभ्रा आणि पोरगी इरा त्यांच्या शेजारी. निखिल मात्र पार मागे, ॲसिडच्या रिकाम्या कॅनवर टेकला होता. पोरगं अर्धं झालं होतं. आत्याला बघून त्याने मान खाली घातली ती वर केली नाही.

"हा ॲक्सेस रोड," शार्दूल सांगत होता. "फेज वन कम्प्लीट."

"पहिल्याच पावसात वाहून गेला तो," निखिल मागून म्हणाला.

"रिपेअर चालू आहे. हा क्रशर, हा जनरेटर. आणि ही मेन पिट, पन्नास लोक एका वेळी..."

फोटोत माणसं कमरेएवढ्या गढूळ पाण्यात उभी होती. अंगावर चड्डीशिवाय काही नाही आणि डोक्यावर मातीची घमेली. वरची दरड त्यांच्यावर ओणवी झालेली.

"पप्पा, व्हाय आर दे स्टँडिंग इन द वॉटर?" इराने विचारलं.

"दे आर वर्किंग, बेटा."

"त्यातले चौघं त्या दरडीखाली गेले," निखिल म्हणाला. "फोटोनंतर."

"निखिल, खलास!" शार्दूल वळला. "प्रत्येक खाणीत होतं ते. कॉम्पेन्सेशन दिलंय ना आपण? आणि हे बघा, कम्युनिटी क्लिनिक. चाळीस हजार दिरहम घातलेत, म्हणजे आपले नऊ-साडेनऊ लाख. कोण करतं एवढं?"

"डॉक्टर कोण आहे तिथं?" गिरिजाने पहिल्यांदा तोंड उघडलं.

"प्रोसेस चालू आहे, आत्या."

"कुलूप आहे," निखिल म्हणाला. "बांधलं त्या दिवसापासून कुलूप आहे."

राजाभाऊंनी मागे वळून धाकट्याकडे असं बघितलं की दुसरा कुणी असता तर जागेवर विरघळला असता. शार्दूलने घाईघाईने पुढचा फोटो लावला. दगडी चौथऱ्याचा, लाल कौलांचा ऐसपैस बंगला. गोऱ्या साहेबाचा, जुना. आता कंपनीचं ऑफिस. व्हरांड्यात वेताच्या लांब हाताच्या खुर्चीत पाय पसरून शार्दूल बसलेला, मागे दोन काळी माणसं ट्रे धरून उभी.

"गोरे गेले म्हणाला होतास ना रे?" गिरिजा म्हणाली. "मग हा खुर्चीत कोण बसलाय?"

शुभ्राला हसू आलं आणि तिने ते खोकल्यात दाबलं. शार्दूलचे कान लाल झाले.

"आणि एवढ्या फोटोंत माझा मिथुन एकाही फोटोत नाही, तो कसा?"

भट्टी घोंघावत होती. राजाभाऊ उठले, उपरणं सावरलं आणि मोठ्या आवाजात म्हणाले, "चला, पुरे झाले फोटो. मूस तापली. गिरिजे, हात धू, ये."

गिरिजा खुर्चीवरून हलली नाही. "आधी ओवाळणी."

"अगं, ओवाळणी मागून असते."

"ह्या खेपेला आधी. दादा, मागच्या वेळी तू विचारलंस, मी साडी मागितली. त्याच्या आधी मेसच्या गाळ्याची जामीनकी मागितली. कधी जास्त मागितलं? आज मला माझा पोरगा पाहिजे. आत्ता त्याला फोन लावा, मला त्याचं तोंड दाखवा आणि कुठल्या तारखेच्या विमानात बसतोय ते सांगा. मग चिमूट."

राजाभाऊंनी शार्दूलकडे बघितलं. एवढंच केलं त्यांनी, पण जन्मभर ज्या भावाच्या डोळ्यांत बघून तिने धीर घेतला, ते डोळे आज पोराची परवानगी मागत होते.

"आत्या, दिवाळीपर्यंत येईल तो, इन्शाल्ला..."

"इन्शाल्ला नको, तारीख सांग!"

"तिथे आत्ता नेटवर्क..."

"अरे नेटवर्क गेलं चुलीत! निखिल, तू ऊठ. मागं लपू नकोस, इकडं ये. तू होतास ना त्याच्याबरोबर? एका ताटात जेवलात लहानपणी. सांग, कसा आहे माझा पोरगा?"

निखिल उठला. मग तो भलतंच बोलला. "आत्या, तू ती खिचडी धाडतेस ना रोज..."

"खिचडीचं काय मध्येच? चांगली मऊ करते, तू सांगितलंस तशी, चमच्यानं खाता येईल अशी. तुझा तो नेपाळी मेला शेंगदाणेच खात नाही. सगळे वेचून झाकणात काढून ठेवतो. निम्मे तर डब्याच्या पिशवीत सांडलेले अस..."

आणि ती थांबली. सगळी शेड तिच्याकडे बघत होती. शेंगदाणे. अंगणवाडीपासून हेच. पोह्यातले शेंगदाणे ताटाच्या कडेला, खिचडीतले झाकणात. बाबाजी चिडायचे, "ह्याला काय राजवाड्यात दिलाय का जन्म?" आणि ती हसून ते शेंगदाणे आपल्या तोंडात टाकायची. आठ-दहा दिवस झाले, रोज संध्याकाळी तो डबा तिने स्वतःच्या हाताने घासला होता.

"कुठाय?" तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही.

"मागच्या गल्लीत," निखिल म्हणाला. "कामगारांच्या खोलीवर. मी बरोबरच घेऊन आलो होतो, आत्या."

"अगं, नीट ऐकून तर घे..." राजाभाऊ पुढे झाले.

"तुला माहीत होतं?" ती भावावर फिरली. "दादा, तुला माहीत होतं? वहिनी, तुम्हालाही? म्हणून हात धरत होता होय माझा? माझं पोर इथं, हाकेच्या अंतरावर, आणि मी त्याला परक्याचा डबा म्हणून जेवायला घालतेय! अरे, माणसं आहात का कोण आहात? कसायाच्या दारातलं जनावर तरी आपल्या वासराला ओळखायला मोकळं असतं!"

"मलेरिया आहे त्याला साधा," राजाभाऊ म्हणाले. "शार्दूल म्हणाला, तू बघितलंस की घाबरशील, मुहूर्त मोडशील. चार दिवसांचा तर प्रश्न होता."

"मलेरिया नाही, बाबा," निखिल म्हणाला. "पारा आहे."

"निखिल, शट अप!"

"तू शट अप! बास झालं. बाबा, तुम्हालाही ह्याने खोटंच सांगितलंय. तिथं मातीतलं सोनं पाऱ्याने गोळा करतात. मग तो गोळा तापवून पारा उडवायचा. तिथले लोक उघड्यावर करतात, वाऱ्याकडे पाठ करून. मिथुनने पत्र्याच्या खोलीत केलं, दार लावून. आपल्याकडं सोनं उघड्यावर तापवत नाहीत ना, कण उडतात, नजर पडते, म्हणून. मी म्हटलं, अरे बाहेर ये, तर म्हणायचा, धूर कुठाय? वास कुठाय? मामानं शिकवलंय, तेजाबाचा तांबूस धूर दिसला की तोंड फिरवायचं, धुराला रंग नाही तर भ्यायचं कारण नाही." निखिलचा श्वास लागला होता. "पाऱ्याच्या वाफेला रंग नसतो, बाबा. वास पण नसतो. महिनोन् महिने तो ती वाफ हुंगत बसला, तुमची शिकवण पाळत."

राजाभाऊंच्या खांद्यावरचं उपरणं गळून खाली पडलं. त्यांनी ते उचललं नाही.

"आणि तू?" गिरिजाने निखिलचा दंड धरला. नखं रुतली त्याच्या मांसात. "तुला कळलं तेव्हा तू काय केलंस?"

"ह्या शार्दूलला कळवलं. पहिला माल निघू दे म्हणाला. मी थांबलो. चुकलो मी, आत्या. हात कापायला लागले, हिरड्यांतून रक्त यायला लागलं तेव्हा मी कुणाला न विचारता त्याला विमानात घातला."

"आणि आणून लपवलास! हॉस्पिटलं मेली होती का दुबईतली?"

"आत्या, प्रॅक्टिकली विचार कर," शार्दूल हात जोडल्यासारखे करत म्हणाला. "हॉस्पिटलमध्ये पहिला प्रश्न विचारणार, पारा कुठून आला? बायरला आपण लिहून दिलंय की पारा वापरत नाही म्हणून. दुपारी ते लोक इथे उभे असणार, त्यांच्यासमोर बार ओतायचाय. फक्त आजचा दिवस! उद्या सकाळी मी स्वतः त्याला बेस्ट हॉस्पिटलमध्ये टाकतो, बिल माझं."

"टाकतो? टाकायला तो काय भंगार आहे?" गिरिजा त्याच्या अंगावर धावली तशी शुभ्रा मध्ये आली. पण नवऱ्याला पाठीशी घालायला नव्हे. तिने शार्दूलकडे तोंड केलं. "यू टोल्ड मी ही वॉज इन आफ्रिका," ती म्हणाली. "मी काल आत्यांना फोनवर तेच सांगितलं. माझ्या तोंडून खोटं बोलवलंस तू."

गिरिजा तोवर दाराकडे निघाली होती. त्या खोलीचं दार मोडायचं, पोराला खांद्यावर टाकायचं आणि सरळ हॉस्पिटल. मूस गेली उडत. पण दारातच तिचा पाय थबकला.

दारात मिथुन उभा होता.

बाहेरच्या पांढऱ्या उन्हातून चालत आलेला, शर्ट अंगाला चिकटलेला. आधी तिला वाटलं, कुणी दुसराच आहे. गालफडं बसलेली, डोळे खोल. दोन्ही हात पँटच्या खिशात खुपसलेले.

"आई, चिडू नकोस," तो म्हणाला. "आवाज पार गल्लीत येतोय." आणि तिच्या खांद्यावरून आत बघत, "मामा, मूस झाली लाल? मला बघायचीय. तिथला गोळा मीच ओतलाय."

गिरिजाने त्याच्या तोंडावरून हात फिरवला, मानेवरून, छातीवरून, बाळंतिणीने नवं पोर चाचपावं तसा. तेवढ्या वेळाचा फायदा राजाभाऊंनी घेतला. माणूस बुडायला लागला की काडीला धरतो, तसं त्यांनी त्या पोराच्या चालत येण्याला धरलं.

"बघा! आला की आपल्या पायांनी चालत!" त्यांचा आवाज फाटला होता, पण ते बोलतच राहिले. "भट्टीवरच्या माणसाचे हात चार दिवस कापायचेच. माझे नाही कापले तरुणपणी? उगाच बाऊ केलाय सगळ्यांनी. ये रे मिथुन, ये. ही घे टाकणखाराची डबी. तूच आईच्या हातावर चिमूट ठेव, तुझ्या हातानं होऊ दे. मग आपण सगळे मिळून दवाखान्यात जाऊ. गिरिजे, हात पुढं कर."

"दादा, लाज..."

"आई, कर ना हात पुढं," मिथुन म्हणाला. "मामाचं मोडू नकोस. मी बरा आहे."

तो भट्टीपाशी गेला आणि त्याने खिशातून हात काढले.

डबी त्याच्या डाव्या हातात खुळखुळायला लागली. झाकण काढताना ते निसटून फरशीवर पडलं आणि घरंगळत इराच्या पायाशी गेलं. त्याने उजव्या हाताची बोटं डबीत घातली, चिमूट धरली. ह्याच बोटांनी तो कसोटीच्या दगडावर रेघ ओढायचा तेव्हा राजाभाऊ गिऱ्हाइकांना बोलावून दाखवायचे. चिमूट आईच्या तळव्यापर्यंत पोचलीच नाही. पांढरी पूड तिच्या मनगटावर, साडीवर, फरशीवर. तो ओशाळून हसला आणि पुन्हा बोटं घातली. पुन्हा तेच. मग त्याने उजवं मनगट डाव्या हाताने आवळून धरायला म्हणून डबी काखेत धरायचा प्रयत्न केला आणि सगळी डबीच उपडी झाली.

"आजी, इज ही फीलिंग कोल्ड?" इराने शोभनाला विचारलं.

शोभनाने पदर तोंडात कोंबला. मग तो काढला आणि ती नवऱ्याकडे बघून ओरडली, ह्या घरात आल्यापासून कधी ओरडली नव्हती तशी. "बंद करा ती भट्टी! बाबाजी ह्याच भट्टीपुढं खोकून खोकून गेले. आता हे लेकरू. अजून कोण पाहिजे? सांगा ना, अजून कोण पाहिजे तुम्हाला?"

मिथुन खाली बसून फरशीवरची पूड दोन्ही हातांनी गोळा करायला लागला. ती गोळा होत नव्हती, पसरतच होती. "होतं असं सकाळी सकाळी," तो म्हणत होता. "दुपारून बरे असतात हात. मामा, दुपारून केलं तर नाही का चालणार?"

गिरिजाने त्याला काखेत हात घालून उभं केलं. रडायला तिला आता वेळ नव्हता. रागाने ती आतून बाहेरून पेटली होती, पण आवाज मात्र एकदम खाली आला होता.

"दादा, चिमूट पडली का मुशीत?"

राजाभाऊंनी फरशीवर पसरलेल्या पुडीकडे बघितलं.

"मी नाही सांगणार. रीत तुझी, घर तुझं. तूच सांग. पडली?"

"नाही," राजाभाऊ म्हणाले.

"मग?"

शार्दूल मध्ये पडला. "बाबा, प्लीज! ड्रामा नको आता. बायर रस्त्यात असतील. हा लॉट गेला तर कंपनी गेली. आत्या, तू काहीही माग, घर माग, मी लिहून देतो. एक चिमूट टाक फक्त!"

"शार्दूल," राजाभाऊ म्हणाले, "बाजूला हो."

त्यांनी कुंकू लावलेली सांडशी उचलली. भट्टीचा गॅस बंद केला. घोंघावणं थांबलं तशी शेडमध्ये एसीची घरघर ऐकू यायला लागली. त्यांनी लाल मूस सांडशीत धरून बाहेर काढली आणि सगळ्यांच्या देखत खाली वाळूत ठेवली. बेलंगाच्या डोंगरातलं ते सोनं अजून गढूळच होतं, वर काळी साय धरायला लागली होती.

"माल परत जाईल," राजाभाऊ म्हणाले. "बायर येऊ देत. पारा कुणी वापरला, कुणाला भोवला, ते मी सांगतो त्यांना. आणि त्या चौघांचंही सांगतो."

"यू आर फिनिशिंग अस, बाबा," शार्दूल मटकन खुर्चीत बसला. आत्यासाठी ठेवलेली ती खास खुर्ची.

राजाभाऊ बहिणीसमोर आले. सांडशी अजून हातातच होती. "गिरिजे," ते म्हणाले, आणि एवढा मोठा माणूस, पण हनुवटी लटलटायला लागली. "मीच शिकवलं गं त्याला. धुराचा रंग बघ म्हणून. माझ्याच तोंडानं..."

भाऊ असा कधी तिच्यापुढं वाकला नव्हता. दुसऱ्या कुठल्याही दिवशी तिने त्याला सावरलं असतं. आज तिला त्याच्या तोंडाकडे बघवत नव्हतं.

"रडायचं मागनं रड," ती म्हणाली. "आधी गाडी बोलव."

निखिल पळत बाहेर गेला. तोच सकाळचा ड्रायव्हर, तीच गाडी. गिरिजाने मिथुनला मागच्या सीटवर बसवलं आणि स्वतः शेजारी बसली. निखिल पुढं बसायला गेला तर तिने त्याला बोटानेच बाहेर ठेवलं. तो दुसरी टॅक्सी शोधायला धावला.

"तुला कळलं नव्हतं का रे, डबा कुणाचा आहे?" गाडी हलायच्या आत तिने विचारलं.

मिथुन काचेबाहेर बघत होता. "पहिल्याच घासाला कळलं."

"मग तोंड शिवलं होतं तुझं? छायाकडं एक निरोप देता आला नाही? डब्यात चिठ्ठी टाकता आली नाही?"

"तुला कळलं असतं तर तू चिमूट टाकली नसतीस," तो म्हणाला. "मामाची मूस राहिली असती."

गिरिजाचा हात उठला. पोटच्या पोराच्या कानाखाली अशी वाजवावी की त्याला मामा आठवू नये आणि मूस आठवू नये, असा उठला. मिथुनने चेहरा चुकवला नाही. त्याचे दोन्ही हात मांडीवर पडले होते, पंख्यापुढच्या कागदासारखे हलत. तिचा उठलेला हात खाली आला आणि तिने ते दोन्ही हात आपल्या पिठाने माखलेल्या हातांत जिवाच्या करारावर आवळून धरले. थरथर थांबली नाही. तिचेच हात त्यांच्याबरोबर हलायला लागले.

"यल्ला!" ती ड्रायव्हरच्या पाठीवर ओरडली. "सकाळपासून माझ्या डोक्यावर नाचत होतास ना? आता हाण की! यल्ला!"